आईचा बाजूने काढलेला फोटो

बिश्केक, ९ ऑक्टोबर २०१३

उमसुनाय अपा, सलाम. घरातली माणसं आणि गोठ्यातली जनावरं, सगळी सुखरूप असोत.

मी बुरुल, दातांची डॉक्टर. सप्टेंबरात तुमच्या आत-बाशीच्या शाळेत आले होते. पोरांच्या तोंडात गुलाबी लगदा भरून दातांचे साचे घेत होते, आणि तुम्ही दारातून ओरडत होतात, "डॉक्टरबाई, पोरगी गुदमरेल!" ती मीच. फोन करणार होते, पण तुमच्याकडे नेटवर्क फक्त टेकडीवर येतं आणि तिथे अर्धं गाव कान टवकारून बसलेलं असतं. म्हणून हे पत्र ताबिल्दी ड्रायव्हरच्या हाती देतेय. उत्तरही त्याच्याच गाडीतून धाडा.

तुमच्या चोल्पोनच्या दातांचा साचा माझ्या टेबलावर आहे. वरचे दात खालच्या दातांपेक्षा इतके पुढे, की मधल्या फटीत माझी करंगळी आडवी मावते. तुम्ही म्हणालात, वरचे दात वाढलेत. तसं नाही. वरचं सगळं ठीक आहे, खालचा जबडाच मागे राहिलाय. वाढत्या वयात काढता-घालता येणारी एक प्लेट दिली, तर जबडा पुढे सरकून बसायला शिकतो आणि नशिबात असलं तर तिथेच वाढतो. नशीब म्हणतेय, कारण खरी गोम तीच आहे. काही पोरांचं वर्षभरात सुरेख होतं आणि काहींचं ढिम्म हलत नाही. कुणाचं होणार हे आधीच ओळखता येईल का, हा किडा माझ्या डोक्यात कित्येक वर्षं वळवळतोय. त्यासाठी मी एक तक्ता केलाय. त्यात वय बघायचं, फट बघायची, जबड्याचा मागचा कोन, हाडांची वाढ कळायला मनगटाचा एक्स-रे आणि आईवडिलांचा चेहरा. फुकट प्लेट मोजक्याच पोरांना देता येणार आहे, तेव्हा तक्ता ज्यांना हो म्हणेल त्यांनाच ती मिळेल.

तर मला आईचा आणि वडिलांचा एकेक फोटो हवाय, बाजूने काढलेला. नाक आणि हनुवटी स्पष्ट दिसली पाहिजे. रुमाल गळ्याशी बांधलेला नको आणि दाढी तर नकोच. घराण्यात आणखी कुणाचे दात असे असले तर तेही कळवा.

तुमची,
बुरुल

*

आत-बाशी, २१ ऑक्टोबर

बुरुल, पोरी,

तुझं पत्र ताबिल्दीने खिशात चुरगळून आणलं. मी ते असानबेकला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दात पोरीचे, मग दाढी माझी का?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने जाऊन दाढी उतरवून आला. आता म्हणतो घोडा आपल्याला ओळखत नाही. मला वाटतं घोड्याने ओळखलंय, पण बिचाऱ्याला लाज वाटतेय.

फोटो शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरने काढले. त्याने मला तोंड तिकडे फिरवून बसायला सांगितलं आणि मी ऐकलं, ही बातमी गावभर झालीये. बघ, माझी हनुवटी कशी आहे ती. आमच्या दोघांच्या घराण्यात मेंढीचं हाड दातांनी फोडायची पैज लागते. असे दात ना त्याच्या माणसांत ना माझ्या.

मला चोल्पोनचे दात का नीट करायचेत ते ऐक. उन्हाळ्यात वर कुरणावर शिंगराने मान उडवली, ती नेमकी तिच्या दातांवर बसली आणि एकाचा कोपरा तुटला. शाळेतली पोरं तिला ससा म्हणतात. आता हसताना ती तोंडावर हात धरते. नऊ वर्षांची पोर, आणि हसते चोरून! मला ते बघवत नाही. ती आमच्या घरात आली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आणि तोवर माझ्या घरात पोराचं हसू कधी ऐकूच आलं नव्हतं. त्यावर हात धरलेला मला चालणार नाही.

सोबत वाळवलेल्या दह्याचं कडक कुरूत आणि साय पाठवतेय. साय ताबिल्दी वाटेत चाटेल, तेव्हा डबा उघडण्याआधी झाकण बघून घे.

उमसुनाय

*

बिश्केक, ८ नोव्हेंबर

उमसुनाय अपा,

डब्यातून बोट फिरलेलं होतं. ताबिल्दी म्हणतो, रस्त्यातल्या खड्ड्याने.

तुमचे फोटो पाहून मी खुर्चीतून उठलेच. काय जबडे आहेत दोघांचे! असे आईवडील असले की पोरीचा जबडा फक्त आळशी आहे असं समजायचं, त्याला ढोसलं की तो वाढणार. तक्त्यात तिला दहापैकी नऊ गुण मिळालेत. इतके गुण आजवर कुणालाच दिले नव्हते.

सुटीत असानबेक अता तिला घेऊन आले तेव्हा प्लेट बसवली. वर एक, खाली एक, आणि दोन्हींवर तिरके ठोकळे. तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप पुढे येतो. पहिला आठवडा ती तोंडात गोटी धरल्यासारखी बोलेल. हसू नका. जेवताना, झोपताना, शाळेत, प्लेट तोंडातच हवी. कुरूत फोडायचं नाही, चघळायचं. तिने विचारलं, "आणि तेमिर कोमुझ?" ते लोखंडी वाद्य दातांशी धरूनच वाजवावं लागतं, तेव्हा रोज अर्धा तास प्लेट काढायची परवानगी मी दिलीये.

पोरगी भारी चौकस आहे, मला ताई मानून एजे म्हणते. खुर्चीतून उतरताना म्हणाली, "बुरुल एजे, माझा जबडा वाढणार हे प्लेटला कसं कळतं?" म्हटलं, प्लेटला कळत नाही, म्हणून तर मी तुझ्या अपाचा, आईचा, फोटो मागवला. मग ती भिंतीपाशी जाऊन तिन्ही फोटो बघत राहिली, तिचा, तुमचा आणि अतांचा. मी हाक मारेपर्यंत तिथेच होती.

पुढची तपासणी मार्चमध्ये, नोरूझच्या सुटीत.

बुरुल

*

आत-बाशी, ५ जानेवारी

बुरुल, पोरी,

तू हसू नका म्हणालीस, आम्ही हसलो. चोल्पोन "मीठ द्या" म्हणाली आणि असानबेकने उठून खिडकी लावली. मग तीही हसली, ठोकळे दाखवत. हात तोंडावर न नेता, हे मी बघून ठेवलं.

प्लेट ती जिवापाड सांभाळते. एकदा घासायला म्हणून काढून उंबऱ्यावर ठेवली आणि कुत्र्याने पळवली. सगळं घर बर्फात त्याच्या मागे धावलं. गवताच्या गंजीमागे सापडली, शाबूत. चोल्पोनने ती उकळत्या पाण्यात घालायला घेतली, तेवढ्यात गरम पाण्याने प्लेट वाकते ही तुझी ताकीद मला आठवली आणि मी भांडं ओढून घेतलं. तेव्हापासून ती प्लेट झोपेतसुद्धा तोंडातून काढत नाही. रात्री पांघरूण घालायला गेले की मी मुद्दाम वाकून बघते.

कोमुझ ती अर्धा तासच वाजवते. घड्याळ समोर ठेवून बसते, आपल्या बापासारखी काटेकोर. असानबेकने तिला काही शिकवायची गरजच पडत नाही, ती त्याला बघून शिकते.

फट कमी झाली का, हे आम्हाला कळत नाही. मला वाटतं झाली. असानबेकला वाटतं मला वाटतं म्हणून झाली.

उमसुनाय

*

बिश्केक, २९ मार्च

उमसुनाय अपा,

हे पत्र लिहायला जड जातंय. काल चोल्पोनचा नवा साचा घेतला आणि जुन्याशेजारी ठेवला. फट जवळजवळ तेवढीच आहे. दात किंचित हललेत, जबडा नाही. एवढ्या महिन्यांत निदान निम्मी फट जायला हवी होती.

दहापैकी नऊ गुण असलेल्या पोरीचं असं व्हायचं एकच कारण माझ्या माहितीत आहे. प्लेट तोंडात कमी आणि डबीत जास्त असणार. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "रोज घालते." मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. असानबेक अता भडकले. कोमुझ खिशात घालून म्हणाले, दात सरकेपर्यंत हे मिळणार नाही. ती रडलीसुद्धा नाही.

अपा, ज्यांची प्रगती नाही त्यांना जूनमध्ये यादीतून काढावं लागतं. मागे बरीच पोरं रांगेत आहेत. ती खरोखर प्लेट घालते का, यावर तुम्ही जरा लक्ष ठेवा. पोरं गोड बोलून फसवतात, मी रोज बघते.

बुरुल

*

आत-बाशी, ७ एप्रिल

बुरुल,

माझी मुलगी खोटं बोलत नाही. हे आधी लिहिते, कारण बाकीचं लिहायला मला अजून दोन कप चहा लागणार आहे.

ती घरी आली आणि जेवली नाही. मला म्हणाली, "अपा, मी घालते ना?" मी म्हटलं, घालतेस. ती म्हणाली, "मग माझा जबडा का ऐकत नाही?" त्या रात्री मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली आणि पहिल्याच पत्रापाशी थांबले.

तू आईचा फोटो मागितलास, मी आईचा पाठवला. माझ्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं, शपथेवर सांगते.

चोल्पोनला जन्म दिला नाझिराने. ती माझी धाकटी जाऊ, असानबेकच्या भावाची बायको, आमच्या कुंपणापलीकडे राहते. आम्हाला मूल नव्हतं. तिला दोन मुलगे होते, तिसरी ही झाली. चाळिसाव्या दिवशीचं न्हाणं झालं आणि नाझिराने ती माझ्या मांडीवर ठेवली. आजेसासूबाईंनी तिला माझ्या झग्याच्या गळ्यातून आत सोडलं आणि खालच्या काठातून बाहेर घेतलं. तुम्हा शहरातल्यांना याचं हसू येईल. पण त्या दिवसापासून ती माझी, हे सगळ्या गावाने मानलं. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही कधी बोलत नाही. चोल्पोनला माहीत नाही. नाझिरा तिला नाझिरा जेने आहे, ईदला गोळ्या देणारी काकू.

आणि ही नाझिरा, पोरी, हसताना तोंडावर हात धरते. तिला हनुवटी म्हणून जवळजवळ नाहीच. मी हे दहा वर्षं रोज बघतेय आणि मला कधी दिसलं नाही. गावाने मानलं, मी मानलं, पण जबड्याला कुणी सांगितलं नाही.

मला कशाची भीती वाटते ते उघड सांगते. आज ना उद्या चोल्पोन आरशात बघेल आणि मग कुंपणाकडे बघेल. ती तिकडे गेली तर मी तिला कोणत्या तोंडाने थांबवू? पण मी गप्प बसले तर माझी मुलगी खोटारडी ठरते आणि तिचे दात तसेच राहतात. यातलं मला काय झेपेल, हे मी विचारत बसले नाही. लिहून टाकलं.

कोमुझ मी असानबेकच्या कोटातून काढून तिला दिलं. तो टोपी घालून घोड्याकडे निघून गेला, मी त्याच्याकडे बघत होते म्हणून.

उमसुनाय

*

बिश्केक, १६ एप्रिल

उमसुनाय अपा,

मला हसू आलं नाही. माझी आई तुमच्याच नारीन भागातली आहे आणि माझ्या स्वतःच्या मामेभावाला असंच झग्यातून घेतलेलं आहे. म्हणजे हे मला ठाऊक असायला हवं होतं. तरी मी कागदावर "आई" लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

त्याहून वाईट सांगते. मार्चमध्ये काढलेले प्लेटचे फोटो आज पुन्हा मोठे करून पाहिले. दोन्ही ठोकळ्यांचे तिरके काठ झिजून चकचकीत झालेत. रात्रंदिवस तोंडात असल्याशिवाय असं होत नाही. प्लेट खरं सांगत होती आणि मी तक्त्यावर विश्वास ठेवला. चोल्पोनची माफी मी तिच्यासमोर मागणार आहे, पण तोवर तिला तुम्ही एवढं सांगा की बुरुल एजे चुकली.

यादीतून तिला काढत नाही. नऊ गुण आता पाचावर येतात असा माझा अंदाज आहे. म्हणजे नाणं हवेत आहे. अशा जबड्याला घाईने ढोसण्यापेक्षा उंची झपाट्याने वाढायच्या काळाची वाट बघणं शहाणपणाचं. तोवर दातांना धक्का लागू नये म्हणून साधी प्लेट देऊ. पण हा काळ तिच्या बाबतीत कधी येईल? हे मला एकच बाई सांगू शकते. नाझिरा कितव्या वर्षी एकदम उंच झाली? तेव्हा तिची हनुवटी थोडी तरी पुढे आली का? आणि तिचा फोटो, बाजूने.

मी काय मागतेय ते मला कळतंय, अपा. तुम्ही नको म्हणालात तर मी अंदाजाने चालवीन. पण तुम्हाला माहीत आहे, मला अंदाज आवडत नाहीत.

जाता जाता एक. बाकीच्या पोरांच्या घरी मी आता विचारतेय, फोटोतल्या आईनेच जन्म दिला का? तिघांच्या घरी खोकला आला आणि चौथ्याच्या आजीने फोन आपटला.

बुरुल

*

आत-बाशी, २५ मे

बुरुल, पोरी,

उशीर झाला. कुरणावर जायची बांधाबांध चालली होती, असं मी लिहिणार होते. पण खरं म्हणजे त्या कुंपणापर्यंत जायला मला महिना लागला.

गेले ते ताजी भाकरी घेऊन. नाझिरा लोकर विंचरत बसली होती. मी बसले, हवेबद्दल बोलले, मेंढ्यांबद्दल बोलले. शेवटी तीच म्हणाली, "एजे, तुम्ही भाकरी द्यायला आलेल्या नाही." मी विचारलं, तू कधी उंच झालीस ग? तिने विंचरणी खाली ठेवली. क्षणात तिला कळलं. या दहा वर्षांत आम्ही दोघी एका ताटात जेवलो, एका बाजारात गेलो, पण या गोष्टीवर एक शब्द काढला नव्हता.

ती म्हणाली, "तेरावं लागलं तेव्हा. आईला एका उन्हाळ्यात दोनदा झग्याची दुमड सोडून तो लांब करावा लागला. हनुवटी थोडी आली होती पुढे. आई म्हणायची, पाहुणी आली आणि दारातूनच परत गेली." म्हणजे तुझा काळ तेराव्याचा धर.

मग तिने रुमाल सोडला. फोटो काढायला मास्तर येईपर्यंत तिने तो परत बांधला नाही. फोटोला बसताना हात तोंडाकडे जात होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मी बघत होते आणि मला तिचं वाईट वाटलं. आजवर मला तिची फक्त भीतीच वाटत आली होती. उठताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एजे, हनुवटी तेवढी माझी. बाकी सगळी तुमची." मी तिला मिठी मारली, दोघी लोकरीने माखलो.

आणि मागे चोल्पोन उभी होती. दप्तर पाठीवर. किती वेळ ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अपा, नाझिरा जेनेचा फोटो बाजूने का काढला? तो तर आईचा काढतात." तुझ्या भिंतीवर बघून शिकलेली. मी चूल सारखी केली, किटली हलवली, पुन्हा चूल सारखी केली. मग बसले आणि सांगितलं. झगा, चाळिसावा दिवस, सगळं. असानबेक दारात उभा होता. तो आत आला नाही आणि गेलाही नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. आरशापाशी गेली, प्लेट काढली, मान वळवून स्वतःकडे बघितलं. मग प्लेट पुन्हा घातली आणि बाहेर पडली. मी खिडकीतून बघत होते. ती सरळ कुंपणाकडे गेली, वाकून फटीतून पलीकडे शिरली. बुरुल, मी खिडकीची कड धरून उभी होते. असानबेक म्हणाला, "जाऊन आणू?" मी म्हटलं, नको.

चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला.

मग दार वाजलं आणि ती धावतच आत आली. म्हणाली, "नाझिरा जेनेला कधी कुणी प्लेट दिलीच नव्हती! मी विचारून आले. बुरुल एजेला विचार ना, मोठ्या माणसांना देता येते का?" देता येते का ते लिही, तिने आज तीनदा विचारलंय.

बूट काढता काढता ती तोंडातल्या ठोकळ्यांतून म्हणाली, "अपा, भूक लागली."

ती अपा कुणाला म्हणाली ते बघायला मी उगाच मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

उमसुनाय